लाउटरब्रुनेनच्या दरीत पहिल्यांदा जाताय? शिखरं, पायवाटा आणि हवामानाचं गणित

स्वित्झर्लंडला जाणारी आपली बहुतेक मंडळी युंगफ्राऊयोख, म्हणजे युरोपातलं सर्वात उंच रेल्वे स्टेशन, एका दिवसात उरकतात. सकाळी बस, दुपारी बर्फात फोटो, रात्री दुसऱ्याच शहरात मुक्काम. त्या दिवशी वर ढग असले की पैसे गेले आणि आयगर, मोंख, युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरं न दिसताच माणूस परत. ज्यांना या शिखरांखालच्या लाउटरब्रुनेनच्या दरीत चार-सहा दिवस राहून पायी हिंडायचं आहे, पण आल्प्समध्ये यापूर्वी पाऊल टाकलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. लाउटरब्रुनेन गाव सुमारे ८०० मीटर उंचीवर, दरीच्या तळाशी. हिमनदीने कोरून काढलेल्या या दरीच्या दोन्ही बाजूंना शेकडो मीटरचे उभे कडे आहेत. त्या कड्यांच्या माथ्यावर हिरवी पठारं: पूर्वेला वेंगेन, पश्चिमेला म्युरेन. पठारांच्याही वर खरे डोंगर. कड्यांवरून धबधबे कोसळतात, त्यातला श्टाउबबाख जवळपास ३०० मीटर उंचीचा आहे आणि गावाच्या रस्त्यावरूनच दिसतो.

इथे रेल्वे, केबल कार आणि गोंडोला इतक्या आहेत की कोणीही तासाभरात दोन हजार मीटरच्या वर पोहोचतं. नवख्यांची गफलत इथेच होते. गाडी वर जाते म्हणून डोंगर सोपा होत नाही, हवामान तर मुळीच नाही. म्हणून राहण्याच्या तारखा आणि गाव आधी पक्कं करा, पण कोणत्या दिवशी कुठे चढायचं हे घरून ठरवून जाऊ नका. ते रोज सकाळी आकाश बघून ठरवायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच बेताने लिहिल्या आहेत.

१. महिना निवडा

पायी हिंडायचं असेल तर जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंतचा काळ धरा. मे महिन्यात दरीत फुलं असतात, धबधबे भरून वाहतात, फोटो सुंदर येतात. पण दोन हजार मीटरच्या वर बऱ्याच वाटांवर अजून बर्फ असतो. एप्रिल-मे आणि पुन्हा नोव्हेंबरात अनेक केबल कार देखभालीसाठी बंद ठेवतात. "मे महिन्याची सुट्टी" म्हणून तिकिटं काढणाऱ्यांना हे ठाऊक नसतं आणि मग दरीच्या तळाशीच फिरावं लागतं.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळं चालू असतं, पण गर्दी जास्त आणि दुपारनंतर विजांचा पाऊस नेहमीचा. मला विचाराल तर सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे. हवा जास्त स्थिर असते, वाटा कोरड्या, गर्दी ओसरलेली. फक्त दिवस लहान होत जातो, हे लक्षात ठेवा.

२. व्हिसा आणि विमा

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणारा एकच व्हिसा, लागतो. स्वित्झर्लंडसाठीचे अर्ज भारतात व्हीएफएस केंद्रांत घेतले जातात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीच्या वेळा भराभर भरतात, तेव्हा दोन-तीन महिने हाताशी ठेवा. एकाच फेरीत अनेक देश करणार असाल तर ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्याच असतील तर जिथून शेंगेनमध्ये प्रवेश करणार तो देश.

फाइलमध्ये साधारण हे असावं:

- पासपोर्ट: शेंगेनमधून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत दिलेला, दोन पानं कोरी
- भरलेला अर्ज आणि ठरलेल्या मापाचे फोटो
- जाण्या-येण्याचं विमान आरक्षण
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा
- बँकेचे व्यवहार, आयकर विवरणपत्र, नोकरी असेल तर पगारपत्रक आणि रजेचं पत्र
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा
- रोजच्या प्रवासाचा आराखडा

विम्याबाबत एक गोष्ट नीट वाचा. व्हिसासाठी चालणारी पॉलिसी डोंगरातल्या अपघातासाठी चालेलच असं नाही. "साहसी खेळ" वगळलेले असतात, काही पॉलिसींमध्ये ठरावीक उंचीच्या वरचं चालणंही वगळलेलं असतं. पॉलिसीच्या बारीक अक्षरांत ट्रेकिंगची उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरने केलेली सुटका हे दोन मुद्दे शोधा. सापडले नाहीत तर विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचा खर्च सरकार भरत नाही.

३. एकच गाव धरा

रोज बॅगा उचलून गाव बदलू नका. एका ठिकाणी किमान चार रात्री, जमल्यास सहा. चार दिवसांत एक-दोन दिवस तरी ढग येणार हे धरूनच चाला.

लाउटरब्रुनेन: सगळ्या गाड्या इथून सुटतात, त्यामुळे सोय सर्वात जास्त. पण दिवसा पर्यटकांची झुंबड असते आणि कड्यांमुळे ऊन उशिरा येतं, लवकर जातं.

वेंगेन: १,२७४ मीटर. मोटारींना रस्ताच नाही. दातेरी रुळांच्या रेल्वेने वर जायचं. इथून मेनलिखेन डोंगराची केबल कार आणि क्लाइन शाइडेग या खिंडीतल्या स्टेशनाची गाडी, दोन्ही गावातूनच. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी डोळे मिटून हेच सांगतो.

म्युरेन: १,६३८ मीटर, म्हणजे जवळपास आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर अख्खं गाव वसलेलं. तिन्ही शिखरं खिडकीसमोर. इथेही मोटार नाही. अडचण एकच: शेजारच्या दरीतल्या ग्रिंडेलवाल्ड गावाला किंवा क्लाइन शाइडेगला जायचं तर आधी दरीत उतरायचं आणि मग पलीकडे चढायचं, यात सकाळचा चांगला वेळ जातो.

गिमेलवाल्ड: १,३६३ मीटर, अगदी छोटं आणि शांत. रात्रीच्या जेवणाची सोय आधी विचारून घ्या.

शक्यतो स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. लाउटरब्रुनेन, वेंगेन आणि म्युरेन तिन्हीकडे कोऑपचं दुकान आहे, त्यामुळे दूध, ब्रेड, चीज, भाज्या मिळतात. रविवारी दुकान उघडं असेलच असं नाही, तेव्हा शनिवारीच सामान भरा. शाकाहारी असाल तर हॉटेलात "श्पेक नको" असं स्पष्ट सांगा. श्पेक म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस. बटाट्याच्या रोश्टीत किंवा मॅकरोनी-चीजच्या पदार्थात ते सर्रास असतं आणि मेनूत "मांस" असा शब्द दिसत नाही.

पोहोचताना एक सापळा आहे. झुरिक किंवा बर्नहून आधी इंटरलाकेन ओस्ट स्टेशन. तिथून निघणारी गाडी त्स्वायलुचिनेन स्टेशनात दोन भागांत सुटी होते: काही डबे लाउटरब्रुनेनला, बाकीचे ग्रिंडेलवाल्डला. फलाटावर आणि डब्यावर लिहिलेलं नाव वाचूनच चढा. कुटुंबातले दोघे एका भागात आणि दोघे दुसऱ्या भागात बसले की थेट दोन वेगळ्या दऱ्यांत पोहोचतात.

४. तिकिटांचं कोडं

लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ते इथे. चार पर्याय समजून घेतले की पुरे.

स्विस ट्रॅव्हल पास: देशभर फिरायचं असेल तर सोयीचा. वेंगेन, म्युरेन आणि ग्रिंडेलवाल्डपर्यंत यात पूर्ण प्रवास येतो. त्यापुढे मात्र फक्त सवलत, आणि युंगफ्राऊयोखला ती जेमतेम पाव. पास घेतला म्हणजे सगळे डोंगर फुकट, हा समज डोक्यातून काढा.

स्विस हाफ फेअर कार्ड: महिनाभर चालतं आणि युंगफ्राऊयोखसह जवळपास सगळ्यावर निम्मं भाडं. एकाच दरीत राहून निवांत हिंडणाऱ्याला बहुतेक वेळा हेच परवडतं.

युंगफ्राऊ ट्रॅव्हल पास: ३ ते ८ दिवसांचा, या भागापुरता. युंगफ्राऊयोखच्या वाटेवरच्या आयगरग्लेचर स्टेशनापर्यंत मोकळेपणाने चढ-उतर करता येते, वरच्या शेवटच्या टप्प्याला जादा पैसे. घेण्याआधी त्याच्या हद्दीचा नकाशा बघा. दरीतली प्रत्येक केबल कार त्यात येत नाही, कारण पश्चिमेकडच्या शिल्टहोर्न शिखराच्या केबल कारची कंपनी वेगळी आहे.

सुटी तिकिटं: पायी उतरणार असाल तर एकेरी तिकीट मिळतं. खिडकीवर मागायला लाजू नका.

मुलं सोबत असतील तर पास घेताना स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या. आई किंवा वडिलांबरोबर असलेल्या ६ ते १५ वर्षांच्या मुलांचा प्रवास त्यावर मोफत होतो. मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांना सवलतीचं कार्ड मिळतं का, हेही विचारा.

आणि शिखराचं महागडं तिकीट ठरावीक तारखेचं असेल, तर आठवडाभर आधी काढून ठेवू नका. आदल्या संध्याकाळी अंदाज बघून किंवा त्याच सकाळी काढा. उन्हाळ्याच्या गर्दीत युंगफ्राऊयोखच्या गाडीला जागा राखून ठेवावी लागते, तीही आदल्या संध्याकाळी अंदाज बघून करा.

५. पाठीवर काय, पायात काय

उंची दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान खाली आणते. लाउटरब्रुनेनला २० अंश असतील तर युंगफ्राऊयोखला तीनच्या आसपास, आणि वारा असेल तर शून्याखाली असल्यासारखं. एकच जाड स्वेटर घेण्यापेक्षा तीन पातळ थर घ्या: घाम शोषणारा आतला, मधला लोकरीचा किंवा फ्लीसचा, वरून वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. जीन्स नको. ओली झाली की दिवसभर वाळत नाही.

बूट मात्र नवे कोरे नेऊ नका. घोटा धरणारे, खोल दातांच्या तळव्याचे बूट निघण्याआधी महिनाभर घालून रुळवा. चढताना पायांचं काही वाटत नाही, उतरताना अंगठ्याची नखं बोलायला लागतात. गुडघे कुरकुरत असतील तर दोन काठ्या घ्याच. गावातल्या स्पोर्ट्सच्या दुकानात भाड्यानेही मिळतात.

रोजच्या पिशवीत: एक ते दीड लिटर पाणी, सुका खाऊ, टोपी, हातमोजे (ऑगस्टातही), गॉगल, सनस्क्रीन, छोटी प्रथमोपचार पेटी, शिट्टी, डोक्याचा टॉर्च, पॉवर बँक, पासपोर्टची प्रत आणि विम्याचा नंबर लिहिलेला कागद. पाण्याची बाटली विकत घेत बसू नका. गावातल्या हौदांचं पाणी पिण्याजोगं असतं. जिथे नसतं तिथे "काइन ट्रिंकवासर" अशी पाटी असते. आपले जाड तीन पिनांचे प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाहीत, तेव्हा अॅडॅप्टर घरूनच न्या.

६. पाट्या वाचायला शिका

स्विस पायवाटांवरच्या खुणा इतक्या नेमक्या आहेत की त्या कळल्या की निम्मी भीती जाते.

- पिवळी खूण किंवा पिवळा चौकोन: साधी चालायची वाट. विशेष तयारी लागत नाही.
- पांढरा-लाल-पांढरा पट्टा: डोंगरी वाट. अरुंद, उतार तीव्र, काही ठिकाणी दोर किंवा साखळी. पाय घट्ट हवा, चक्कर येणारा माणूस नको, बूट हवेतच.
- पांढरा-निळा-पांढरा पट्टा: अल्पाइन वाट. खडक, घसरडी खडी, हिमनदीचे तुकडे. नवख्याने या वाटेला जाऊच नये.
- गुलाबी पाट्या: हिवाळ्यात आखलेल्या वाटा.

वाटेच्या फाट्यावर एक खांब असतो. त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवर तुम्ही उभे आहात त्या जागेचं नाव आणि उंची. खाली पिवळ्या बाणांवर पुढच्या ठिकाणांची नावं आणि समोर वेळ. अंतर नाही, वेळ. ही वेळ सपाटीला ताशी सुमारे ४.२ किलोमीटर या चालीने आणि चढ-उतार धरून काढलेली असते, पण त्यात थांबे धरलेले नसतात. फोटो काढत, डबा खात चालणाऱ्यांनी त्या आकड्यात निम्मा वेळ आणखी मिळवावा. दीड तासाची वाट असेल तर सव्वादोन तास धरा. मुलं असतील तर तीन.

फोनमध्ये स्विसटोपोचं, म्हणजे स्विस सरकारी नकाशा खात्याचं, अॅप टाका आणि या भागाचा नकाशा उतरवून ठेवा. फुकट आहे, नेटशिवाय चालतं आणि बंद असलेल्या वाटाही दाखवतं. दरडी कोसळल्यामुळे वाटा अचानक बंद होतात. पाटीवर लाल फुली दिसली की मागे फिरा, "बघू तर जाऊन" नको.

७. सकाळचा अर्धा तास

सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

उठल्यावर आधी मेटेओस्विसचं, म्हणजे स्विस हवामान खात्याचं, अॅप. तुमच्या गावाचं नव्हे, जिथे जाणार त्या उंचीवरचं भाकीत बघा: पाऊस कधी, वीज कधी, वारा किती. मग वरच्या स्टेशनांचे थेट कॅमेरे. मेनलिखेन, क्लाइन शाइडेग, शिल्टहोर्न, युंगफ्राऊयोख, सगळ्यांचे कॅमेरे इंटरनेटवर दिसतात आणि खालच्या स्टेशनांत पडद्यांवरही लावलेले असतात. तिकिटाच्या खिडकीसमोर रांगेत उभं असताना मान वर करून तो पडदा बघा. पांढरं दिसत असेल तर वर तुम्हालाही पांढरंच दिसणार आहे. तरीही लोक रांग सोडत नाहीत, कारण "आज युंगफ्राऊ" असं वहीत लिहिलेलं असतं.

दरीत धुकं म्हणजे वरही धुकं, असं मात्र नाही. कधी कधी ढगांचा थर दरीत अडकतो आणि दोन हजार मीटरच्या वर लख्ख ऊन असतं. कॅमेरे बघितल्याशिवाय हे कळत नाही.

त्यानंतर दिवस तीन प्रकारांत टाका:

स्वच्छ आणि शांत: शिखराचा दिवस. पहिल्या गाडीने निघा. दुपारपर्यंत वरचं सगळं उरकून खाली यायला लागा.

सकाळी स्वच्छ, दुपारी गडगडाट: मधल्या उंचीची छोटी वाट, दुपारी एक-दोनच्या आत छपराखाली.

दिवसभर ढग किंवा पाऊस: ट्रुमेलबाखचे धबधबे. आयगर, मोंख आणि युंगफ्राऊच्या हिमनद्यांचं वितळलेलं पाणी डोंगराच्या पोटातून दहा धबधब्यांनी खाली येतं. भरात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. बोगद्यातल्या लिफ्टने वर जायचं आणि पायऱ्यांनी उतरत बघायचं. आवाजाने छाती हलते. पावसाने इथे काही बिघडत नाही. चार वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही आणि हिवाळ्यात बंद असतं.

आणखी एक नाव लक्षात ठेवा: फॉन. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून येणारा उबदार, कोरडा, जोराचा वारा. आकाश निळं असतं, शिखरं हाताला लागतील अशी दिसतात, आणि केबल कार मात्र वाऱ्यामुळे बंद. अशा दिवशी वर गेलात तर परतीची गाडी थांबू शकते, हे धरून रेल्वेने उतरता येईल अशी जागा निवडा.

८. वाटा कोणत्या क्रमाने घ्याव्यात

पहिल्या दिवशी: ग्रुट्शआल्प ते म्युरेन. लाउटरब्रुनेनहून केबल कारने वर, मग कड्याच्या काठाकाठाने जाणाऱ्या छोट्या रेल्वेच्या सोबतीने सव्वा-दीड तासाची वाट. चढ नावापुरता, समोर सतत तिन्ही शिखरं. मध्ये विंटरेगला थांबून चहा घेता येतो आणि कोणी दमलं तर तिथूनच गाडी पकडता येते. प्रवासाचा शीण आणि उंची, दोन्हींशी जुळवून घ्यायला याहून चांगली सुरुवात नाही. अंगात जोर उरला तर म्युरेनहून गिमेलवाल्डला उतरा आणि तिथून केबल कारने खाली.

दुसरी: मेनलिखेन ते क्लाइन शाइडेग. वेंगेनहून केबल कारने वर. आधी वीस-पंचवीस मिनिटं चढून मेनलिखेनचा माथा गाठा, २,३४३ मीटर. एका बाजूला लाउटरब्रुनेनची खोल दरी, दुसऱ्या बाजूला ग्रिंडेलवाल्डची पसरट. मग खाली येऊन रुंद, उतरती वाट. आयगर हळूहळू मोठा होत जातो. सव्वाचार किलोमीटरच्या आसपास, दीड तास. आजी-आजोबांनाही जमते. भल्या सकाळी गेलात तर वाट तुमची एकट्याची; अकरानंतर मिरवणूक असते. क्लाइन शाइडेगला, २,०६१ मीटरवर, पोहोचून अजून ताकद असेल तर लाउबरहोर्नचा माथा, २,४७२ मीटर, हा नवख्याला पहिलं "स्वतः चढलेलं" शिखर म्हणून छान आहे.

तिसरी, पाय सरावल्यावर: आयगर ट्रेल. आयगरग्लेचर, २,३२० मीटर, ते आल्पिग्लेन, १,६१६ मीटर. सहा किलोमीटर, पाटीप्रमाणे दोन तास. आयगरच्या उत्तर भिंतीच्या अगदी पायथ्यातून वाट जाते. १९३८ साली चौघांनी ही भिंत पहिल्यांदा सर केली. त्याआधी तिने अनेकांचे जीव घेतले होते. वाटेवरून मान वर केली की दीडेक किलोमीटरचा दगड सरळ आकाशात गेलेला दिसतो आणि वरून कुठेतरी खडी सुटल्याचा आवाज येत असतो. पांढरा-लाल-पांढरा पट्टा आहे, सातशे मीटरचा उतार आहे, गुडघ्यांची परीक्षा आहे. कड्याखाली जेवायला बसू नका, वरून दगड येतात. जूनमध्ये बर्फाचे पट्टे शिल्लक असतील तर वाट उघडी आहे का, हे स्टेशनवर विचारा.

चौथी, शेजारच्या दरीत: फर्स्ट ते बाखआल्पझे. ग्रिंडेलवाल्डहून गोंडोलाने फर्स्ट, तिथून तासाभरात डोंगरातलं तळं. दमदार असाल तर पुढे फाउलहोर्न, २,६८१ मीटर. माथ्यावर एकोणिसाव्या शतकातलं हॉटेल आहे. जाऊन-येऊन पूर्ण दिवस लागतो.

निघण्याआधी एक काम रोज करा: परतीची शेवटची केबल कार किती वाजता, त्या पाटीचा फोटो काढा. आपल्याला वाटतं उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे गाड्याही असतील. नसतात. बऱ्याच डोंगरी गाड्या संध्याकाळी लवकर थांबतात आणि मोसमाच्या कडेला आणखी लवकर. चुकली तर हजारभर मीटर पायी उतरणं, तेही अंधारात.

९. युंगफ्राऊयोख की शिल्टहोर्न?

दोन्ही परवडत असेल तर दोन्ही. एकच करायचं तर असं ठरवा.

युंगफ्राऊयोख ३,४५४ मीटरवर आहे, युरोपातलं सर्वात उंच रेल्वे स्टेशन. आयगर आणि मोंखच्या पोटातून खणलेली ही रेल्वे १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षं बांधली गेली. वर गेल्यावर पलीकडे "आलेच" नावाची हिमनदी पसरलेली दिसते, वीस किलोमीटरहून लांब, आल्प्समधली सर्वात मोठी. बर्फ पायाखाली हवा असेल, हिमनदी बघायची असेल तर इथेच या. जाताना लाउटरब्रुनेन-वेंगेन-क्लाइन शाइडेग असं रेल्वेने जा आणि उतरताना आयगरग्लेचरहून आयगर एक्स्प्रेस केबल कारने ग्रिंडेलवाल्डला. दोन्ही बाजू बघून होतात.

वर हळू चाला. दीड-दोन तासांत आठशेवरून साडेतीन हजार मीटरवर आल्यावर डोकं जड होणं, धाप लागणं साहजिक आहे. जिने पळत चढू नका, पाणी पीत राहा. मळमळ किंवा डोकेदुखी वाढली तर पुढची गाडी पकडून खाली या; खाली उतरणं हाच उपाय. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. मोसमात यंत्राने सारखी केलेल्या वाटेवरून मोंखयोख झोपडीपर्यंत, ३,६५० मीटर, तासाभरात चालत जाता येतं. मात्र आखलेल्या वाटेबाहेर एक पाऊलही टाकू नका. हिमनदीवर बर्फाखाली भेगा झाकलेल्या असतात आणि वरून काहीच कळत नाही.

शिल्टहोर्न, २,९७० मीटर, स्वस्त पडतं, गर्दी कमी, आणि तिन्ही शिखरं समोरून दिसतात. युंगफ्राऊयोखला तुम्ही डोंगराच्या खांद्यावरच उभे असता, त्यामुळे ती एकत्र दिसत नाहीत. बघायला शिल्टहोर्न, अनुभवायला युंगफ्राऊयोख, असं माझं मत.

मोंख (४,१०७ मीटर) किंवा युंगफ्राऊ (४,१५८ मीटर) चढायचं मनात असेल तर आधी हिमनदीवर चालण्याचं, क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी दात) आणि दोर वापरण्याचं शिक्षण घ्या आणि परवानाधारक पर्वत-मार्गदर्शक घ्या. मोंख त्यातला सोपा म्हणतात, पण त्याच्या माथ्याची बर्फाळ धार अरुंद आहे आणि तिथे घसरण्याला दुसरी संधी नाही.

१०. चालण्यापलीकडचं

व्हिया फेराटा म्हणजे कड्यात ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या आणि तार. कमरेचा पट्टा तारेला अडकवून चालायचं. म्युरेनहून गिमेलवाल्डकडे अशी एक वाट आहे, साधारण तीन तासांची, पायाखाली थेट दरी आणि मध्ये झुलता पूल. पहिल्यांदा करत असाल तर गाइडबरोबरच करा. साहित्य भाड्याने घेताना धक्का शोषणारा व्हिया फेराटाचाच दोर मागा. साधा क्लाइंबिंगचा पट्टा आणि दोर चालत नाही. उंचीची भीती असेल तर मध्यावरून मागे फिरता येत नाही, याचा विचार आधी करा.

पॅराग्लायडिंग पायलटबरोबर करायचं असतं. आधीच पैसे भरताना हवामानामुळे रद्द झालं तर परत मिळतात का, हे विचारा. कड्यांवरून उडी मारून पॅराशूट उघडणारी मंडळीही दिसतील. ते वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम आहे, आपण खालून बघावं. त्यांना बघायला किंवा फोटोसाठी गवताच्या कुरणात मात्र शिरू नका. ते गवत म्हणजे शेतकऱ्याच्या गुरांचा हिवाळ्यातला चारा.

फर्स्टवर लहान-मोठ्यांसाठी तारेवरून घसरणं, डोंगरी गाड्या वगैरे खेळ आहेत. रांगा लांब, वजन-उंचीच्या अटी आहेत. मुलांसाठी ठीक.

११. गायी आणि फाटकं

पायवाटा कुरणांतून जातात. फाटक उघडलं तर मागे लावून घ्या. तार विजेची असते, हात लावू नका. वासरू सोबत असलेल्या गायीपासून २० ते ५० मीटर लांबून जा. वासराला हात लावायचा, सेल्फी काढायची, असलं काही नाही. गाय डोकं खाली घालून रोखून बघायला लागली तर पाठ न फिरवता, शांतपणे मागे सरका. वाट अडवली असेल तर वरून वळसा घाला. फुलं तोडू नका, कचरा खाली घेऊन या, आणि तंबू फक्त कॅम्पिंगच्या जागेतच टाका.

१२. काही बिघडलंच तर

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वादळ जवळ आहे. धारेवरून, माथ्यावरून, एकट्या झाडाखालून, लोखंडी तारेपासून दूर व्हा. आसरा नसेल तर खोलगट जागी पाय जुळवून उकिडवं बसा, काठ्या लांब ठेवा.

फोनमध्ये हे नंबर आताच साठवा: हवाई सुटका करणारी रेगा, १४१४. भारतीय सिमवरून रोमिंगमध्ये तो लागला नाही तर +४१ ३३३ ३३३ ३३३. रुग्णवाहिका १४४. आणि काहीच आठवलं नाही तर ११२. रेगाचं अॅप असेल तर एका बटणाने तुमची जागाही त्यांना कळते. बोलताना आधी कुठे आहात ते सांगा, मग काय झालं, किती जण जखमी, तिथे हवा कशी आहे.

फोन लागत नसेल तर शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटात सहा वेळा खूण करा, मिनिटभर थांबा, पुन्हा सहा वेळा. उत्तर म्हणून मिनिटात तीन खुणा येतात. हेलिकॉप्टर दिसलं की दोन्ही हात वर, इंग्रजी वाय अक्षरासारखे: "हो, मदत हवी." एक हात वर आणि एक खाली म्हणजे "नको." नुसती मजा म्हणून हेलिकॉप्टरला दोन्ही हात हलवू नका. ते उतरू लागलं की उडण्यासारख्या सगळ्या वस्तू पिशवीत कोंबा, जागीच खाली बसा आणि कर्मचारी खूण करेपर्यंत जवळ जाऊ नका.